गावित सरांची बिघाडांची वही

आमच्या ऑफिसात कोणी नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी त्याला कोणीतरी सांगतं, "इथे गावित म्हणून एक होते. चांगली चालणारी मशीनं बिघडवायचे." मग सगळे हसतात. नवा माणूसही हसतो, कारण नव्या माणसाला हसावंच लागतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होतो. बिघडवायचे म्हणे! मशीन दूर डोंगरात जाऊन बिघडू नये म्हणून ज्या माणसाने वर्षानुवर्षं डोळे फोडून घेतले, त्याची एवढीच आठवण ठेवली आम्ही. मी अजून त्याच ऑफिसात आहे, गावित सर बसायचे त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसते, आणि हे ऐकून घेते. म्हणून म्हटलं, ते कोण होते ते एकदा लिहूनच टाकावं.

आमचं ऑफिस नंदुरबारला, धुळे रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर. आम्ही एक छोटी पेटी बनवतो. लसींच्या फ्रीजवर ती बसवायची. आतलं तापमान ती दर थोड्या वेळाने वाचते, पडद्यावर दाखवते आणि नेटवर्कवरून तालुक्याला कळवते. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असलं तर हिरवा दिवा, बाहेर गेलं तर लाल. सिस्टरने दिव्याकडे बघायचं आणि निर्धास्त लस टोचायची. लेकराच्या दंडात जाणारं औषध चांगलं की वाया गेलेलं, हे त्या दिव्यावर ठरतं. एवढी साधी गोष्ट आहे, आणि एवढी मोठी.

पेटीच्या आत एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्याच्यात कर्नल. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला मुख्य कारभारी. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणत्या तारेवरून आलेला आकडा कोणाकडे पोचवायचा, हे तो बघतो. तो काही आम्ही लिहिलेला नाही. जगभर सगळे वापरतात तोच, फुकट मिळणारा. त्याला जोडलेला तापमान वाचणारा तुकडा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मात्र माझा. आणि माझं काम मोडतं का ते बघायला याकोब गावित.

गावित सर नवापूरकडचे. गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात त्यांचा पाडा. घरची भात-नागलीची शेती, पाऊस सरला की आईवडील ऊसतोडीला गुजरातेत. घरात कोकणी बोलायचे, समुद्रकाठची नव्हे, तिकडच्या डोंगरातली, आणि मराठी शिकले ती शाळेत, पुस्तकातून. त्यामुळे त्यांची मराठी छापल्यासारखी. आम्ही सगळे खाली मैदानातले, ऑफिसभर अहिराणी चालायची. मी कळसाडीची, माझ्या तोंडून तर फोनवर मुंबईच्या माणसाशीसुद्धा मध्येच 'आहे'च्या जागी 'शे' निघून जायचं. गावित सर मात्र चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "चहा उत्तम आहे. तथापि साखर अधिक आहे." आम्ही त्या 'तथापि'ला किती हसलो असू! त्यांना राग येत नसे. उलट आम्ही हसलो की ते पुढच्या वाक्यात मुद्दाम आणखी एक 'तथापि' घालायचे.

दिसायला बुटके, डोक्यावरचे केस तेल लावून चापून बसवलेले. पन्नाशी उलटलेली. डब्यात नागलीची भाकरी आणि हिरव्या मिरचीची चटणी, रोज. रविवारी प्रार्थनेला गावी जायचे म्हणजे जायचेच, जगबुडी आली तरी. आणि "मशीन चालतंय का?" असं कोणी विचारलं तर नुसतं "हो" कधी म्हणायचे नाहीत. "आज सकाळपासून चालते आहे," असं म्हणायचे. साहेब पाहुण्यांना घेऊन आले असतानाही तेच. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्यांचं काम होतं मुद्दाम बिघाड घालणं. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण बघा, माझा ड्रायव्हर कर्नलकडे मेमरी मागतो. कर्नल बहुतेक वेळा देतो. एखाद्या दिवशी मेमरी संपलेली असते, तेव्हा तो 'नाही' म्हणतो. त्या दिवशी माझा ड्रायव्हर काय करील? शहाण्यासारखा 'आकडा मिळाला नाही' असं कळवील, की काहीतरी भलतंच करील? ते कळायला त्या दिवसाची वाट बघत बसायचं का? म्हणून कर्नलमध्येच एक सोय असते. त्याला मुद्दाम 'नाही' म्हणायला लावता येतं. पण सरसकट नाही. ज्या फंक्शनवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेका कामाच्या तुकड्यावर, परवानगीची खूण केली असेल, तेवढ्यांनाच. आणि ती खूण कुठे करायची, कुठे करायची नाही, हे ठरवणं म्हणजे खरं डोकं. सगळ्या मशीनला एकदम 'नाही' म्हटलं तर ते कोलमडतं आणि तुम्हाला कळत काहीच नाही.

गावित सरांकडे लांब रजिस्टर असायचं, जाड पुठ्ठ्याचं. त्यात एकेका फंक्शनला एकेक पान. वर नाव, खाली प्रश्न. हे दारातूनच परत फिरतं का? ज्याने विचारलं तो 'नाही' ऐकतो का? कोणत्या एकाच कामापुरतं 'नाही' म्हणायचं? किती वेळा? थांबवायचं कसं? मग, काय व्हायला हवं ते आधी निळ्या शाईत लिहायचे. त्यानंतर हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, "बिघाड घालतो आहे, हात काढा," असं मोठ्याने म्हणायचे, आणि मग बटण दाबायचे. जे झालं ते लाल शाईत. निळं आणि लाल जुळलं तर पुढचं पान. नाही जुळलं तर रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे. मला ते नुसतं उभं राहणं फार झोंबायचं.

त्या रजिस्टरमधला सगळ्यात जाड भाग कोणता होता ठाऊक आहे? 'येथे हात लावू नये.' कुठे बिघाड घालायचा नाही, आणि का नाही, याची पानंच्या पानं. पहिलाच नियम असा, की ज्या पेटीखाली खरी लस आहे तिच्यावर कधीही, कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून चाचणी करायची नाही. आणि अशा माणसाला हे लोक बिघडवणारा म्हणतात.

चाचणी चालू असलेल्या मशीनवर ते एक पुठ्ठा लटकवायचे. त्यावर सुवाच्य अक्षरात, 'हे मशीन मुद्दाम आजारी केलेले आहे. कृपया स्पर्श करू नये.' आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या कमलमावशींनी तो एकदा कोणाकडून तरी वाचून घेतला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मुद्दाम आजारी? आजार बी कोन्ही मुद्दाम करस का सायेब?"

"करावा लागतो, मावशी. आजारात ते कसे वागते ते बघायचे असते."

"आनि मरी गये तं?"

"मरणार नाही इतकाच करतो."

मावशींना ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मशीनला लिंबू-मिरची बांधलेली. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, आता हे काय म्हणतात. त्यांनी घड्याळ काढलं, हात काढा म्हणाले, बिघाड घातला, आणि लाल शाईत लिहिलं, 'लिंबू व मिरची लावल्यानंतरही परिणाम पूर्वीप्रमाणेच. मावशींचे आभार.' ते लिंबू वाळून काळं होईपर्यंत तसंच राहिलं. काढायला कोणी गेलं तर म्हणायचे, असू द्या, त्यांनी काळजीने बांधले आहे.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला जिवावर येतं, पण सांगायलाच हवी.

एकदा कामाचा फार रेटा होता. एका फंक्शनवर खूण करायची की नाही ते नीट तपासायला हवं होतं. मी वरवर बघितलं आणि केली खूण. गावित सरांनी विचारलं, "ताई, हे दारातूनच परत फिरते ना?" मी म्हटलं, "हो हो, फिरतं." त्यांनी बिघाड घातला आणि मशीन दगडासारखं बंद. दोन-तीन दिवस आम्ही माझा ड्रायव्हर उलटापालटा करून बघितला, चूक सापडेना. मी तर सेन्सरवाल्याला फोन करून चांगली खरडपट्टी काढली, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. शेवटी गावित सर रजिस्टर घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. या वेळी बसले.

"ताई, घरी पाहुणा आला आणि आपण दारातूनच सांगितले, आज जमणार नाही, तर तो परत जातो. घरात काही हलत नाही. बरोबर? पण हे फंक्शन पाहुण्याला आत घेते, पाट मांडते, ताट वाढते, आणि मग म्हणते, भाकरी संपली. मग ज्याने बोलावले तो ते वाढलेले ताट उचलून ठेवतो. खऱ्या बिघाडात असे होते. आपण खोटा बिघाड घातला दारात. पाहुणा आत आलाच नाही, ताट वाढलेच नाही. तथापि ताट उचलणारा आला आणि त्याने दुसऱ्याचे ताट उचलले."

मला लख्ख दिसलं. माझं फंक्शन आधी रांगेतली संख्या एकाने वाढवायचं आणि मग मेमरी मागायचं. नाही मिळाली तर बोलावणारा एक कमी करायचा. आम्ही न वाढवताच कमी करत बसलो होतो. माझ्या ड्रायव्हरमध्ये तो आजार नव्हताच, आम्हीच तो दिला होता. आणि दिला होता माझ्या खुणेने.

मी खाली मान घालून बसले. मला वाटलं, आता रजिस्टरमध्ये माझं नाव जाणार, साहेब बघणार. त्यांनी लिहिलं, 'मशीन पूर्ण बंद पडले. कारण, खूण चुकीच्या ठिकाणी केली. खूण काढली.' आणि खाली सही केली, 'या. गावित.' एकट्यांची.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मी न तपासता बटण दाबले," ते म्हणाले. "चला, भाकरी खाऊ."

असा माणूस. आणि आता ऐका याच वहीचं आम्ही काय केलं.

नर्मदेकाठच्या गावांना बोटीवरचा दवाखाना जातो. मणिबेलीसारखी गावं, जी बरीचशी धरणाच्या पाण्यात गेली, जिथे बोटीशिवाय पोचता येत नाही. त्या बोटीवर डॉक्टर असतात, सिस्टर असतात, लसींचा फ्रीज असतो. त्या फ्रीजसाठी आमची पेटी घ्यायचं ठरलं. चौधरी साहेब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, आनंदाने नुसते उड्या मारत होते. त्याच सुमाराला गावित सर रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

या वेळी खूण बरोबर होती, बिघाड बरोबर होता, आणि चूक खरी होती. नेटवर्क नसलं की पेटी आपले आकडे मेमरीत साठवून ठेवते, नेटवर्क आलं की पाठवते. नेटवर्क बरेच दिवस आलंच नाही तर मेमरी भरते. मग माझा ड्रायव्हर नव्या आकड्यासाठी मेमरी मागतो, कर्नल 'नाही' म्हणतो, ड्रायव्हर तेही नीट वर कळवतो. पण पडद्यावर आकडा दाखवणारा जो प्रोग्रॅम होता, तो ते ऐकतच नव्हता. तो हातात असलेला जुना आकडा दाखवत राहायचा. चार अंश. हिरवा दिवा. फ्रीजमध्ये काही का होईना, चार अंश आणि हिरवा दिवा!

तो प्रोग्रॅम साहेबांच्या पुतण्याने लिहिलेला होता, हे इथेच सांगून टाकते.

गावित सरांनी लाल शाईत लिहिलं, 'ही पेटी बोटीवर देऊ नये.' साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा पारा चढला.

"गावितभाऊ, तुम्ही काम करी ऱ्हायनात का मशीननी वाट लाई ऱ्हायनात? असं खरंखुरं व्हस का कधी? इतला दिन पेटी आठे चाली ऱ्हायनी, एकदा तरी अशी वागनी का?"

"इथे नेटवर्क आहे, साहेब. मणिबेलीला नाही."

"पुढली खेपले करी टाकू दुरुस्त. हाई पान काढी टाका."

"दुरुस्तीला आठवडा लागेल. आठवडा थांबावे. पान काढता येणार नाही."

एक आठवडा! एवढंच मागितलं होतं त्या माणसाने. पण तारीख ठरली होती, पाहुणे बोलावले होते, फोटो काढायचे होते. फोटोसाठी लोकांना किती घाई असते!

पान निघालं नाही म्हणून मग दुसराच उद्योग झाला. ऑफिसातल्या कोणाकडून तरी साहेबांनी त्या रजिस्टरची टंकलेली नक्कल करून घेतली. निळ्या शाईतलं सगळं गाळलं. प्रश्न गाळले. 'येथे हात लावू नये' ची पानं गाळली. राहिलं फक्त लाल शाईतलं. अमक्या दिवशी मशीन बंद पाडले. तमक्या दिवशी मशीन बंद पाडले. वर मथळा, 'श्री. याकोब गावित यांनी केलेले बिघाड.' आणि त्या यादीत एका ओळीखाली जाड रेघ, 'मशीन पूर्ण बंद पडले. कर्मचाऱ्याने स्वतः लिहून कबूल केले आहे.' ती ओळ माझ्या चुकीची.

त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावलं.

मी वाचला. एकही ओळ खोटी नव्हती हो! मशीन बंद पडलं होतं, त्यांनीच पाडलं होतं, त्यांनीच लिहिलं होतं. खोटं म्हणायला बोट ठेवावं तर जागा सापडेना. साहेब म्हणाले, "यात काय चुकीचं शे ते सांग." घराचा हप्ता, मुलाची शाळा, काय काय डोळ्यांपुढून गेलं. मी सही केली. आज मी दुसऱ्यांवर चिडते ते ठीक आहे, पण त्या दिवशी मी एवढं एक वाक्य बोलले असते की 'ती जाड रेघेची चूक माझी आहे', तर जीभ झडली नसती माझी. नाही बोलले. चीड येते ती आधी स्वतःचीच.

गावित सरांना लेखी माफी मागायला सांगितलं. त्यांनी मागितली नाही. त्यांनी तो टंकलेला कागद सावकाश वाचला, शेवटी माझी सही बघितली, माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. मशीनने काय केलं ते बघताना बघायचे, तसं. मग साहेबांना म्हणाले, "यात पाने कमी आहेत," आणि डबा, घड्याळ उचलून जिना उतरून गेले. रजिस्टर कंपनीचं म्हणून ठेवून घेतलं.

घरी पप्पांना फोन करून मी रडरड रडले. माझे पप्पा कळसाडीला कापूस-ऊस करतात, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही तूच करी ना? मंग आते रडी ऱ्हायनी कसाले?" आणि फोन ठेवला.

पेटी बोटीवर गेली. फोटो निघाले. साहेबांच्या पुतण्याचा हार घातलेला फोटो अजून जिन्यात लावलेला आहे, येता-जाता बघावा लागतो.

काही आठवड्यांनी साहेबांनी मला पाठवलं. पेटी व्यवस्थित चालते, अशी डॉक्टरांची सही आणायची होती. अक्कलकुव्यावरून मोलगी, पुढे जीप, मग बोट. रस्ताभर मी फोन बघत होते. मोलगी मागे पडली आणि नेटवर्कच्या काड्या एकेक करून गेल्या. ऑफिसात बसून 'नेटवर्क नाही' हे शब्द कितीतरी वेळा ऐकले होते, पण नेटवर्क नाही म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

मणिबेलीच्या काठाला दवाखान्याची बोट लागलेली होती. वर चढले तर सिस्टरच्या शेजारी लाकडी बाकावर गावित सर बसलेले! अंगात ऑफिसात घालायचे तोच पांढरा शर्ट, खिशात काचेचं थर्मामीटर.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तेच म्हणाले, "या ताई, बसा. प्रवास फार झाला असेल."

सुमित्रा सिस्टरनी मला सगळं सांगितलं. पेटी बोटीवर चढवली त्याच आठवड्यात हा माणूस स्वतःच्या खर्चाने इथवर आला. कंपनीबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, की पेटीचा दिवा बघा, तथापि त्यावर विसंबू नका, हे काचेचं थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ हाताने लिहा. सिस्टरांनी लिहिलं. मग परवा बोटीवरची बॅटरी गेली, फ्रीज गार होईना. थर्मामीटरवर पारा चढायला लागला तसं सिस्टरांनी लसी उचलून बर्फाच्या डब्यात घातल्या आणि दुसऱ्या बोटीबरोबर खाली पाठवल्या. त्या बोटीवाल्यांकडून निरोप मिळाला तसे हे पुन्हा आलेले.

"आणि पेटी?" मी विचारलं.

"बघा ना तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या. "फ्रीज बंद आहे. आत काहीच नाही. तुमची पेटी खोटी बोलते, ताई."

पेटी तिच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालू होती, आणि पडद्यावर चार अंश होते. हिरवा दिवा लागलेला होता. सिस्टरांनी फ्रीजचं दार उघडून थर्मामीटर माझ्या हातात दिलं. एकवीस.

सिस्टरांच्या मागे काठावर लस टोचून घ्यायला आलेल्या बाया बसल्या होत्या, लेकरं कडेवर घेऊन. त्यांना त्या दिवशी परत जावं लागलं, लस खालून यायची होती. एवढं डोंगर चढून-उतरून आलेल्या बाया, एका शब्दाने कोणी कुरकुरली नाही. आणि आम्ही? आम्हाला एक आठवडा थांबता आलं नाही.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी माझा कागद वाचला आणि पेन शोधायला लागले. मी म्हटलं, "थांबा, सर." कागद परत घेतला. जिथे 'पेटी व्यवस्थित चालते' छापलं होतं ते खोडलं आणि हाताने लिहिलं, मेमरी भरल्यावर ही पेटी जुनाच आकडा दाखवते, श्री. याकोब गावित यांनी हे आधीच शोधून लेखी कळवलं होतं, कंपनीने ऐकलं नाही. त्याखाली हेही लिहिलं की मशीन पूर्ण बंद पडण्याची चूक त्यांची नव्हती, खूण मी केली होती. आणि खाली माझं पूर्ण नाव, सही. डॉक्टरांनी त्यावर 'पेटी स्वीकारली नाही' असं लिहून सही केली. हे एवढंसं लिहायला मला नर्मदेपर्यंत यावं लागलं!

तो कागद मी गावित सरांपुढे धरला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं काहीतरी म्हणतील. माफ केलं म्हणतील, किंवा निदान तथापि तरी म्हणतील. ते म्हणाले, "याची एक प्रत सिस्टरांपाशी ठेवा."

पेटी मी सोडवून पिशवीत घातली. साहेबांनी नंतर थयथयाट केला, पण मला काढलं नाही, कारण तो ड्रायव्हर समजणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे उरलं नव्हतं. पुतण्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायला आठवडाही लागला नाही. चार दिवस पुरले. चार दिवस!

निघताना मी म्हटलं, "सर, चला की माझ्याबरोबर, नंदुरबारपर्यंत सोडते." ते म्हणाले, दुपारच्या बोटीने आलेली नवी बॅटरी आत्ताच बसली आहे, फ्रीज पुन्हा गार व्हायला लागला आहे, तो खाली येऊन स्थिर राहतो का ते उद्यापर्यंत बघावं लागेल, सिस्टरांना बायांकडे जायचं आहे. ऑफिसातल्या कोणापेक्षाही कर्नल जास्त ओळखणारा माणूस, आणि आम्ही त्याच्यावर एका रिकाम्या फ्रीजसमोर पेन्सिल घेऊन बसायची पाळी आणली. पगार नाही, पद नाही, कोणी बसायला सांगितलेलं नाही.

माझी बोट सुटली. मी उभी राहून हात हलवला, हाकही मारली, "सर!" पाण्यावरून आवाज चांगला जातो, त्यांना ऐकू गेलं असणारच. ते फ्रीजच्या उघड्या दारापुढे गुडघ्यावर बसलेले होते, थर्मामीटर उजेडाकडे धरून. त्यांनी वर पाहिलं नाही. आकडा नीट वाचला, दार लावलं, आणि लिहायला लागले.